७५ मीटरचा विक्रम आणि ओलं वर्तुळ

थाळीफेकीचा पुरुषांचा विश्वविक्रम आज लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाच्या नावावर आहे. ७५.५६ मीटर, १३ एप्रिल २०२५, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं रमोना. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला टोकियोत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी झाली. तिथे त्याची सर्वात लांब फेक होती ६७.८४. म्हणजे पावणेआठ मीटरची तूट, आणि तरीही रौप्यपदक. सुवर्ण मिळालं स्वीडनच्या दानिएल स्टोलला, शेवटच्या प्रयत्नात ७०.४७ फेकून. कांस्यपदक ६६.९६ वर सामोआच्या ॲलेक्स रोझकडे गेलं.

आकडे पाहून ‘अलेक्ना दडपणाखाली ढेपाळला’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते चुकीचं आहे. रमोनातली फेक आणि अजिंक्यपदातली फेक यांत थाळी तीच आणि नियमही तेच. वारा, वर्तुळाचा तळ आणि प्रयत्नांची मोजदाद मात्र वेगळी. या तिन्हींचं गणित कळलं की ही स्पर्धा बघण्याची मजा दुप्पट होते. टीव्हीवर कॅमेरा थाळीच्या मागे धावतो आणि खरी गोष्ट खाली पायांत राहून जाते, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी थाळी. पुरुषांची थाळी किमान २ किलोची, व्यास २१९ ते २२१ मिलिमीटर, मध्यभागी जाडी ४४ ते ४६ मिलिमीटर. बाहेरची कड धातूची. दोन्ही बाजूंच्या तबकड्या लाकडाच्या, प्लास्टिकच्या किंवा कार्बन फायबरच्या. (१८ वर्षांखालील मुलांना दीड किलो, २० वर्षांखालील मुलांना पावणेदोन किलो. कोवळ्या मुलाच्या हातात थेट दोन किलोची थाळी देणारे प्रशिक्षक अजूनही भेटतात. त्या मुलाच्या खांद्याचं आणि तंत्राचं एकदमच वाटोळं होतं.) दोन थाळ्या वजनाला सारख्या असूनही वेगळ्या उडतात, कारण किती वजन कडेला आहे ते बदलतं. कडेला जास्त वजन असलेली थाळी एकदा फिरू लागली की फिरत राहते, हवेत स्थिर राहते. पण तिला ती गिरकी द्यायला बोटांत तेवढं कौशल्य लागतं. अर्धवट गिरकी मिळाली तर ती डगमगते आणि मध्येच कोसळते. नवशिक्याने कडेला कमी वजनाची थाळी घ्यावी. महागडी ‘हाय स्पिन’, म्हणजे कडेला जास्त वजनाची, थाळी घेतल्याने अंतर वाढत नाही, बहुतेक वेळा घटतं.

मोठ्या स्पर्धेत खेळाडू स्वतःची थाळी आणू शकतो, पण ती आधी पंचांकडे जमा करावी लागते. तिथे वजन, व्यास, जाडी तपासली जाते, आणि एकदा मान्य झाली की ती सगळ्या स्पर्धकांना खुली असते. तुमची आवडती थाळी घेऊन दुसऱ्याने तुम्हाला हरवलं तरी तक्रार चालत नाही. तपासणीत थाळी बाद होते ती साध्या कारणांनी. सिमेंटवर, दगडावर आपटून कडेला खाच पडलेली असते, स्क्रू सैल झालेले असतात, किंवा झिजून वजन दोन किलोच्या खाली गेलेलं असतं. झीज एक-दोन ग्रॅमचीच असते, पण किमान म्हणजे किमान.

आता वारा. अव्वल खेळाडूच्या हातून थाळी साधारण सेकंदाला २५ मीटर वेगाने सुटते. हवा नसती असं धरून ३७ अंशांच्या कोनाचं गणित मांडलं, खांद्याची उंची धरली, तर थाळी सुमारे ६३ मीटरवर पडायला हवी. प्रत्यक्षात ती ७० पार करते, कारण थाळी पंखासारखी तरंगते. समोरून येणारी हवा तिला उचलते. म्हणून थाळीफेकीत समोरचा वारा मित्र आणि पाठीचा वारा शत्रू. उजव्या हाताच्या खेळाडूला सगळ्यात लाभाचा वारा समोरून थोडा उजवीकडचा. फार जोराचा वारा मात्र थाळीचं नाक वर करतो आणि ती उभी राहून मागे पडते. अशा वाऱ्यात थाळी नेहमीपेक्षा खालच्या कोनात सोडावी लागते, तीही पुढची कड किंचित खाली ठेवून. ज्यांना ही नजर नसते ते चांगल्या वाऱ्यातही उंच भिरकावून मीटर घालवतात.

शंभर मीटर धावणे किंवा लांब उडीत पाठीचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. थाळीफेकीला अशी मर्यादाच नाही. रमोनाचं मैदान याच कारणाने गाजलं. मोकळं माळरान, आणि तिथला वारा फेकीच्या दिशेशी नीट जुळतो. पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टचा ७४.०८ चा विक्रम ६ जून १९८६ पासून तब्बल ३७ वर्षांहून अधिक टिकला. तो अलेक्नाने १४ एप्रिल २०२४ ला तिथेच ७४.३५ फेकून मोडला आणि पुढच्या वर्षी त्याच मैदानावर स्वतःलाच मागे टाकलं. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू डेनीने ७४.७८ फेकली. डेनी टोकियोत पदकात नव्हता. मी यात रमोनाला दोष देत नाही. थाळी ही वाऱ्याचीच कला आहे. पण तिथला आकडा घेऊन अजिंक्यपदाचं भाकीत करणं म्हणजे भर उन्हाळ्यातल्या विहिरीची पातळी बघून पावसाळ्याचा पूर सांगण्यासारखं.

बंदिस्त स्टेडियममध्ये वारा गॅलरीवर आपटून वळतो, वर फिरतो, कधी मैदानावर एक आणि वर छतापाशी दुसराच असतो. थाळी पंधरा-सोळा मीटर उंच जाते, तेव्हा वाऱ्याच्या झेंड्यावर विश्वास ठेवला तरी वरचं सगळं कळत नाही. म्हणूनच अजिंक्यपदांत साधारण ६७ ते ७१ मीटर हीच खरी पदकांची पट्टी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यूजीनला स्लोव्हेनियाचा क्रिस्तियान चेह ७१.१३ वर जिंकला, तो तेव्हाचा स्पर्धा विक्रम. २०१९ मध्ये दोहाला स्टोलला ६७.५९ सुवर्णाला पुरलं.

आता वर्तुळ. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. व्यास अडीच मीटर, भोवती लोखंडी कडं, आतला तळ कड्याच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे २ सेंटीमीटर खाली. तळ सिमेंटचा, ना आरशासारखा गुळगुळीत, ना खरखरीत. गुळगुळीत असेल तर पाय सटकतो, खरखरीत असेल तर पाय फिरत नाही, अडखळतो आणि गुडघा पिरगळतो. बुटाचा तळ गुळगुळीत रबराचा आणि बाहेरची कड गोलसर, म्हणजे पायाच्या चवड्यावर फिरता येतं. धावण्याचे खिळ्यांचे बूट घालून थाळी फेकायला आलेला मुलगा मी पाहिला की समजतो, तो अजून उभ्या फेकीच्या, म्हणजे गिरकीशिवायच्या फेकीच्या, पुढे गेलेला नाही.

उजव्या हाताचा खेळाडू सेक्टरकडे, म्हणजे थाळी ज्या दोन रेषांच्या आत पडायला हवी त्या भागाकडे, पाठ करून मागच्या कडेला उभा राहतो. एक-दोन झोके, मग वजन डाव्या पायावर. डाव्या चवड्यावर वळत वळत उजवा पाय लांबून फिरवतो आणि वर्तुळाच्या मध्याकडे झेप घेतो. उजवा पाय मध्यावर टेकतो, तोही चवड्यावर आणि टेकतानाच फिरत. लगेच डावा पाय पुढच्या कडेपाशी मध्यरेषेच्या जरा डावीकडे रोवतो. या क्षणी कंबर पुढे निघालेली, खांदे आणि थाळी मात्र अजून मागे. त्या पिळातून फेक जन्माला येते. डावा पाय भिंतीसारखा उभा राहतो, उजवी कंबर त्याच्यावरून फिरते, हात सर्वात शेवटी येतो आणि थाळी तर्जनीवरून निसटते. एकूण साधारण दीड गिरकी.

चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. पहिली मागे, सुरुवातीला. खेळाडू घाई करतो, डाव्या पायावर वजन येण्याआधीच खांदा फिरवतो आणि तोल मागे जातो. मग मध्यावर पोचतो तेव्हा थाळी कमरेच्या पुढे आलेली असते, पीळ संपलेला असतो, नुसत्या हाताने फेक होते. दुसरी चूक पुढे. डावा पाय फार डावीकडे पडला की कंबर उघडते, थाळी ओढली जाते. थाळी लवकर सुटली तर उजवीकडे पिंजऱ्यात (वर्तुळाभोवतीच्या संरक्षक जाळीत), उशिरा सुटली तर डाव्या रेषेबाहेर. सेक्टर फक्त ३४.९२ अंशांचा आहे. सोपा हिशोब असा की वर्तुळाच्या केंद्रापासून २० मीटरवर दोन रेषांमधलं अंतर १२ मीटर. ७० मीटरवर तो पट्टा ४२ मीटर होतो, तरी ताशी ९० किलोमीटरने सुटणाऱ्या थाळीला तो अरुंदच.

थाळी हातात धरली जात नाही, हेही सांगायला हवं. चार बोटांची फक्त शेवटची पेरं कडेवर असतात, अंगठा वरच्या बाजूला नुसता टेकलेला. गिरकीच्या जोराने थाळी बोटांवर दाबली जाते आणि टिकते. आता या बोटांवर आणि त्या सिमेंटवर पावसाचं पाणी घाला.

टोकियोत तेच झालं. पाऊस इतका की स्पर्धा थांबवावी लागली, आणि पुन्हा सुरू झाल्यावरही वर्तुळ टॉवेलने पुसणं चालूच होतं. त्याच स्टेडियममध्ये २०२१ च्या ऑलिंपिकची महिलांची अंतिम फेरीही पावसात अडकली होती. तेव्हा अमेरिकेच्या व्हॅलरी ऑलमनने पहिल्याच प्रयत्नात, पाऊस यायच्या आधी, ६८.९८ फेकून ठेवली आणि पुढे ती कुणालाच गाठता आली नाही. भारताची कमलप्रीत कौर त्या फेरीत ६३.७० वर सहावी आली. (पुढच्या वर्षी उत्तेजक प्रकरणात तिच्यावर बंदी आली, तो विषय वेगळा.) आकाश भरून आलेलं असेल तर पहिला प्रयत्न जपून न टाकता पूर्ण ताकदीने टाकावा, हा धडा तिथला.

पावसात तळावर पाण्याचा पातळ थर बसतो. मागच्या कडेला डावा पाय वळताना घसरला तर खेळाडू सावरतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो. नियमाने त्याला एका मिनिटात फेक सुरू करायची असते आणि मध्ये थांबून पुन्हा सुरुवात करायची मुभा असते, फक्त आधी काही फाउल झालेला नसावा. खरा धोका मध्यावर. उजवा पाय झेपेतून उतरतो तेव्हा अंगाचं सगळं वजन एका ओल्या चवड्यावर येतं. तो दोन बोटं जरी पुढे सरकला तरी डावा पाय उशिरा पडतो आणि भिंत उभीच राहत नाही. अंतर किती जातं? सुटतानाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर कमी झाला तर थाळी सुमारे अडीच मीटर आधी पडते. पदक आणि सातवा क्रमांक यांत बहुतेक वेळा तेवढंच अंतर असतं.

यावर उपाय मोजकेच, कारण नियम आडवे येतात. वर्तुळात किंवा बुटांवर काही फवारायचं नाही. तळ खरवडायचा नाही. हातमोजे नाहीत, बोटं एकमेकांना चिकटपट्टीने बांधायची नाहीत. हाताला पावडर चालते, पण भर पावसात तिचा चिखल होतो आणि मदत करायच्या ऐवजी साबणासारखी सटकते. म्हणून अनुभवी मंडळी पावसात पावडर कमी आणि टॉवेल जास्त वापरतात. एक टॉवेल थाळीला, एक हाताला, एक बुटांना. ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. बुटाच्या तळाचा टॉवेल हाताला लागला की ग्रीस आणि चिखल बोटांवर. वर्तुळात पाऊल टाकायच्या आधी बुटांचे तळ कोरडे पुसायचे आणि थाळी शेवटच्या क्षणापर्यंत कापडात गुंडाळून ठेवायची. थाळी निवडतानाही कडेला कमी वजनाची घ्यावी असं माझं मत, कारण ओल्या तर्जनीने पूर्ण गिरकी देता येत नाही, आणि अर्धवट फिरणारी जड कडेची थाळी हवेत मार खाते.

तंत्रात दोन बदल करायचे. सुरुवातीची गिरकी हळू आणि पावलं लहान, झेप उंच न घेता जमिनीलगत. शेवटी, फेकीनंतर पाय अदलाबदल करून तोल सावरायची जी उडी असते ती टाळून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून फेकायचं. यात एक-दोन मीटर नक्की कमी होतात. पण कोरड्या दिवशी ७० फेकणाऱ्याला ओल्या दिवशी ६७ पुरते, रोझच्या कांस्यपदकाने ते सिद्धच केलं.

फाउल कशाला म्हणतात यातही बारकावे आहेत. कड्याचा वरचा भाग किंवा बाहेरची जमीन पायाला लागली की फाउल. कड्याच्या आतल्या बाजूला बूट टेकला तर चालतो. काही वर्षांपूर्वी नियमात आलेली एक सूट फारशी कुणाला ठाऊक नसते: पहिल्या गिरकीत, मागच्या अर्ध्या भागात, पायाचा स्पर्श चुकून कड्यावर किंवा बाहेर झाला आणि त्यातून जोर घेतला नसेल, तर तो फाउल धरत नाहीत. थाळी जमिनीवर पडल्याशिवाय वर्तुळ सोडायचं नाही, आणि सोडताना पहिलं पाऊल मागच्या अर्ध्या भागातूनच. चांगली फेक झाल्यावर आनंदाने पुढून धावत सुटणारे तरुण या नियमात सापडतात. मोजणी थाळीच्या सर्वात जवळच्या खुणेपासून, कड्याच्या आतल्या कडेपर्यंत, टेप वर्तुळाच्या केंद्रातून नेऊन. सेंटीमीटरच्या खालचा भाग सोडून देतात, वरच्या आकड्याला नेत नाहीत.

हा एकेक सेंटीमीटर क्षुल्लक वाटत असेल तर पॅरिस २०२४ आठवा. ७ ऑगस्टच्या अंतिम फेरीत अलेक्नाने दुसऱ्या प्रयत्नात ६९.९७ फेकली. तो ऑलिंपिक विक्रम होता, आणि त्याने मोडलेला जुना ६९.८९ चा विक्रम त्याच्या वडिलांचा, विर्गिलियस अलेक्नांचा, अथेन्स २००४ चा. घरातलाच विक्रम घरात राहिला असं वाटलं. मग चौथ्या प्रयत्नात जमैकाच्या रोजे स्टोनाने बरोबर ७०.०० फेकली. तीन सेंटीमीटरने सुवर्ण गेलं. विश्वविक्रम जवळ असलेल्या अलेक्नाकडे अजून ना ऑलिंपिकचं सुवर्ण, ना जागतिक स्पर्धेचं. यूजीन रौप्य, बुडापेस्ट कांस्य, पॅरिस रौप्य, टोकियो रौप्य.

स्टोलकडे तीन जागतिक सुवर्णं आणि एक ऑलिंपिक सुवर्ण आहे, आणि त्याचं कारण फेऱ्यांच्या रचनेत सापडतं. पात्रता फेरीतलं अंतर अंतिम फेरीत धरत नाहीत, सगळे शून्यापासून. अंतिम फेरीत बारा जण, प्रत्येकी तीन प्रयत्न. पूर्वी त्यानंतर पहिल्या आठांना आणखी तीन मिळायचे. टोकियोत नवी चाळणी होती: तीन प्रयत्नांनंतर दहा उरतात, चौथ्यानंतर आठ, पाचव्यानंतर सहा. आपल्याला ती भालाफेकीमुळे लक्षात राहिली, नीरज चोप्रा ८४.०३ वर आठवा होता आणि पाचव्या प्रयत्नानंतर बाहेर पडला. याचा अर्थ असा की ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्याला शेवट मिळेलच याची खात्री नाही. पहिल्या तीनांत एक वैध, बऱ्यापैकी फेक हवीच. तीन फाउल म्हणजे घरी.

उत्तरार्धात फेकण्याचा क्रम उलटा होतो, म्हणजे आघाडीवर असलेला सर्वात शेवटी फेकतो. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत २१ ऑगस्ट २०२३ ला स्टोल पुढे होता. शेवटच्या फेरीत चेहने ७०.०२ फेकून आघाडी हिसकावली. बहुतेक खेळाडूंचे अशा वेळी खांदे ताठ होतात, सुरुवातीचा झोका घाईने जातो. स्टोलने लगेच ७१.४६ फेकली, नवा स्पर्धा विक्रम, आणि सुवर्ण परत घेतलं. टोकियोत परिस्थिती उलट होती, मागून येऊन शेवटच्या प्रयत्नात ७०.४७. दोन्ही वेळा त्याची फेक पाहण्यासारखी आहे ती सुरुवातीसाठी. दोन मीटर उंचीचा हा माणूस मागच्या कडेला अगदी शांत, जवळजवळ आळशी वाटावा इतका सावकाश वळतो आणि सगळा वेग मध्यानंतर आणतो. ओल्या वर्तुळात हाच स्वभाव कामाला येतो. ज्याचं तंत्र सुरुवातीच्या वेगावर उभं आहे त्याला पाऊस जास्त महागात पडतो.

आपल्याकडे या खेळाची एक ठळक आठवण पुण्याची आहे. जुलै २०१३ मध्ये बालेवाडीला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली आणि म्हैसूरमध्ये जन्मलेल्या विकास गौडाने थाळीफेकीचं सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ६३.६४ वर पहिला आला. त्याचा २०१२ चा ६६.२८ चा राष्ट्रीय विक्रमही ओक्लाहोमातलाच, नॉर्मन गावचा.

महाराष्ट्रातल्या मुलांना ओल्या वर्तुळाचा सराव फुकट मिळतो, जून ते सप्टेंबर. पण होतं असं की पाऊस आला की थाळी बंद आणि व्यायामशाळा सुरू. विजा चमकत असतील तर मैदान सोडायलाच हवं, त्यात वाद नाही. नुसती रिपरिप असेल तर मात्र सराव करावा. सुरुवात थाळीशिवाय, फक्त पावलांनी. ओल्या सिमेंटवर मागून मध्यापर्यंत वळणं, उजवा पाय टेकला की तिथेच थांबून तोल बघणं. पाय सरकत असेल तर झेप लहान करायची. ते दहा वेळा नीट जमलं की थाळी घेऊन उभी फेक, मग अर्धी गिरकी, आणि पूर्ण गिरकी सर्वात शेवटी. पिंजऱ्याची जाळी फाटलेली असेल तर हा सराव अजिबात नको, कारण ओली थाळी सर्वात आधी उजवीकडे निसटते आणि साधारण तिथेच पुढचा मुलगा टॉवेल घेऊन उभा असतो.